टँकर मिक्स

आमच्या घरात मेलेला सेल लगेच फेकत नसत. बॅटरीचा, घड्याळाचा, टेपचा, कुठलाही असो, तो आधी पत्र्यावर जायचा. माय सगळे सेल भर उन्हात ओळीनं मांडायची आणि संध्याकाळी पदरात गोळा करून आणायची. तापून निघालेल्या सेलात थोडा जीव येतो. टेपमध्ये घातले की सुरुवातीला गाणं खणखणीत लागतं, मग गायकाला हळूहळू झोप येऊ लागते, बाईचा आवाज बुवाचा होतो आणि शेवटी टेप गप्प बसतो. हर्सूलकडच्या आमच्या वस्तीत घरोघरच्या पत्र्यांवर असे सेल पडलेले असायचे. त्यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं.

वस्ती म्हणजे नुकते पाडलेले प्लॉट. त्याआधी तिथं ज्वारी होती, काही बांध तर अजून तसेच होते. पाऊस लागोपाठ हुलकावणी देत होता, हर्सूलच्या तळ्यात गुरं चरत होती, आणि तरी शहर आमच्या दिशेनं वाढतच होतं. कुठं तरी पाया खणला जायचा, पाण्यावाचून काम थांबायचं, तोवर शेजारी दुसरा पाया सुरू व्हायचा. आमच्याकडे टँकर यायचा तो त्याच्या मर्जीनं. आप्पा, म्हणजे माझे वडील, लग्नघरून उरलेल्या पत्रावळ्या मागून आणायचे. त्यावर भाकरी, ठेचा, कधी लग्नातली शिळी बुंदी. जेवण झालं की पत्रावळी चुलीत, भांडी घासायचं पाणी वाचलं. आजही माझ्या मंगल कार्यालयाच्या लॉन्सवर लोक ताटात निम्मं टाकून उठतात आणि वर स्टीलची ताटं धुतली जातात, तेव्हा मला त्या पत्रावळ्या आठवतात. आठवण म्हणून नव्हे, हिशोबी सोय म्हणून.

आप्पा मूळचे पिशोरचे, गोंधळ्याच्या घरातले. त्यांच्या वडलांनी आयुष्यभर देवीपुढं संबळ वाजवला. संबळ म्हणजे कमरेला बांधलेले दोन लहान नगारे, एका हातात सरळ काडी, दुसऱ्या हातात टोकाला वाकडी. आप्पांनी तो संबळ देवीपुढून उचलून वरातीत आणला. हातगाडीवर दोन भोंगे, एक अ‍ॅम्प्लिफायर, त्याच्यामागे रफिकचाचा बेंजोवर, म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेल्या त्या तारांच्या वाद्यावर, आणि पुढं आप्पा. यासाठी आजोबांनी आप्पांशी बोलणं टाकलं होतं. पुढं आप्पांच्या संबळाचं जे झालं त्याबद्दल आमचे नातेवाईक अजून दादाला बोल लावतात, तेव्हा मी त्यांना हे सांगते. आमच्या घरात प्रत्येकानं बापाचं वाद्य उचलून दुसरीकडं नेलंय.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ विलास. तो औरंगपुऱ्यात एका कॅसेटच्या दुकानात कामाला होता. मालकानं नवा कॉम्प्युटर घेतला होता, त्यावर जुन्या गाण्यांखाली मोठा ठोका घालून ती गाणी वरातीसाठी विकायची, असा धंदा नुकता सुरू झाला होता. एका दुपारी दादा दुकानातला माइक घेऊन घरी आला. वीज गेलेली. रफिकचाचा आमच्याकडेच बसले होते, कारण लग्नं कमी आणि दुपार मोठी.

"आप्पा, जागराचा शेवट वाजवा. भरून घेतो," दादा म्हणाला.

"आन् कशाला?"

"कॉम्प्युटरवर घालतो. खाली ठोका टाकतो."

"माझ्या ठोक्याला काय धाड भरली?"

"काय नाय भरली. जाड करतो."

रफिकचाचा हसले. "करने दो उस्ताद. आपला पोरगा है, कायकू नक्को बोलते?"

मायनं पत्र्यावरचे सेल काढून दिले. हातात धरवत नव्हते इतके तापलेले. दादानं ते टेपमध्ये बसवले आणि आप्पांनी संबळ कमरेला बांधला. जागराचा शेवट म्हणजे संथ सुरू होऊन वाढत जाणारी चाल. आप्पा ती छान वाढवायचे, पण माणसाच्या हातानं वाढते तेवढीच. त्या दिवशी ते रंगात आले आणि बराच वेळ थांबलेच नाहीत. शेवटाला रस्त्यावर टँकरचा आवाज आला आणि माय दारातून ओरडली, "पाणी आलं! पाणी आलं! सवे, हंडे काढ!" सवी म्हणजे मी. मी हंडे घेऊन पळाले. मागं टेप चालूच होता.

दुकानात काय झालं ते दादानं मला फार नंतर सांगितलं. मालकानं ती कॅसेट विजेवरच्या मोठ्या डेकवर लावली. सुरुवात बरोबर होती. मग संबळ चढू लागला. चढतच गेला. नाद बारीक होत गेला, काड्या एकमेकींत मिसळल्या, ऐकणाऱ्याचा श्वास छातीत अडकावा इतका वेग झाला, आणि अगदी टोकाला एक चिमुरडा आवाज किंचाळला, "पाणी आलं! पाणी आलं!" मालकानं कारण लगेच ओळखलं. भरताना सेल उतरत गेले होते, फीत अधिकाधिक हळू फिरत होती. हळू फिरणाऱ्या फितीवर भरलेलं सगळं चांगल्या विजेवर घाईनं बाहेर पडतं. तो म्हणाला, "विल्या, माल खराब झाला." आणि मग म्हणाला, "थांब, पुन्हा लाव." त्यांनी त्या किंचाळीनंतर क्षणभर सगळं बंद ठेवलं आणि मग खाली दणकन ठोका सोडला.

त्या उन्हाळ्यात तो तुकडा आधी आमच्या भागातल्या वरातींत वाजला, मग जालन्याकडं, मग बीडकडं गेला. पाण्यासाठी रडणारे लोक त्या "पाणी आलं"वर हात वर करून नाचायचे. पोरं डीजेवाल्याला ओरडून सांगायची, "टँकर लाव, टँकर!" तेच नाव पडलं. टँकर मिक्स. मग प्रत्येक डीजेला स्वतःचा टँकर हवा झाला. एकानं आप्पांचा संबळ ठेवून ठोका बदलला. दुसऱ्यानं ठोका ठेवून संबळ काढला आणि तिथं हलगी घातली. तिसऱ्यानं कुणाच्या तरी लहान मुलीला माइकसमोर उभं करून "पाणी आलं" नव्यानं भरलं. पुढं पाणीही गेलं, त्या जागी भोंगा आला. चढ मात्र कुणी सोडला नाही. चढ, क्षणभर शांतता, मग दणका. माझ्याकडे आज जे डीजे येतात ते दर दोन-तीन वर्षांनी नवं नाव सांगतात. मी ऐकते आणि दहाला बंद करायला लावते. नाव काहीही असो, तो चढ मला ओळखू येतो, कारण तो सेल उतरण्याचा वेग आहे. पण हे मी कुणाला सांगत बसत नाही. लग्नाच्या घाईत एवढं ऐकायला वेळ कुणाला असतो?

दादानं पहिली कॅसेट घरी आणून लावली तो दिवस मला लख्ख आठवतो. आप्पा भिंतीला टेकून बसले होते. चढ सुरू झाला तसे ते सरळ झाले. संपल्यावर त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुन्हा.

"हे मी वाजवलं?"

दादानं माझ्याकडं पाहिलं नाही. "व्हय आप्पा. तुम्हीच की."

"आयला," आप्पा म्हणाले आणि स्वतःच्या हातांकडं बघत राहिले. इतके खूश मी त्यांना आधी पाहिले नव्हते. दादा खोटं का बोलला हे मला त्यामुळं समजतं. कामं सुटत चालली होती, ज्यांना डीजे परवडत नव्हता तेवढेच बेंजो पार्टी सांगत होते. अशा वेळी बापाला कुणी म्हणावं की तुमचं नव्हे, सेलांचं?

अडचण तिथून सुरू झाली. लोकांना कळलं की टँकरमधला संबळ आमच्या आप्पांचा. मग ज्या दोन-चार सुपाऱ्या मिळायच्या त्यांत एकच मागणी, टेपातल्यासारखं वाजवा. आप्पा वाजवायचे आणि तिथं पोचायचे नाहीत. लोक हसून म्हणायचे, "म्हातारा झाला का काय गडी?" आप्पा पन्नाशीचेही नव्हते. त्यांनी ते मनावर घेतलं. आपण एकदा वाजवलंय, म्हणजे हात आळसावलाय, असं त्यांचं गणित. रोज दुपारी ते मागच्या भिंतीच्या सावलीत संबळ घेऊन बसायचे. तोच चढ, तिथंच अडकणं, पुन्हा तोच चढ. उजवं मनगट सुजून टम्म झालं. माय हळद-तुरटीचा लेप लावून फडकं बांधायची, सकाळी ते फडकं सोडून पुन्हा बसायचे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं हात दाबून पाहिला आणि स्पष्ट सांगितलं, थांबला नाहीत तर हा हात कामातून जाईल. आप्पांनी मान हलवली आणि दुपारी पुन्हा बसले.

रफिकचाचा रोज समजवायचे. "उस्ताद, टेप अलग चीज है, आदमी अलग."

"टेपात आदमीच है ना? मैंच है," आप्पा म्हणायचे.

माय मात्र पहिल्या दिवसापासून एका गोष्टीवर अडून होती. "ह्या आवाजात वरडणारी मी नाय. ही कुणाची तरी पोरगी हाय." आम्ही हसायचो. माइकमध्ये आवाज बारीक होतो, असं दादा सांगायचा. ती म्हणायची, "हसा. मला माझा आवाज माहीत नाय व्हय?" तिचं कुणी ऐकलं नाही. मीही नाही.

मग एक दिवस वीज नसताना मी भाकरी करताकरता तीच कॅसेट लावली, पत्र्यावरून काढलेल्या सेलांवर. चढ यायच्या सुमारास सेल उतरू लागले. आणि चढ आलाच नाही. संबळ सरळ, शहाण्यासारखा वाढत गेला, आप्पांचा वाढायचा तसा, आणि शेवटी मायचा भरदार, घोगरा आवाज आला. "पाणी आलं! पाणी आलं!" तव्यावरची भाकरी करपली. भाकरी करपवणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून लक्षात आहे.

संध्याकाळी मी दादाला गाठलं. त्यानं नाकारलं नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांग त्यांना."

"नको सवे. तेवढंच उरलंय त्यांच्यापाशी."

"हात उरणार नाय," मी म्हटलं. "उद्या मीच सांगते."

मला त्यात आजही काही चुकीचं वाटत नाही. पिशोरला भाऊबंदातलं लग्न आलं होतं, वरातीचं काम आप्पांचं, आणि तिथं ते गावासमोर तो चढ काढणार होते. दुसऱ्या दिवशी मी फीत शेवटाकडं सरकवून, तेच उतरलेले सेल घालून टेप त्यांच्यापुढं ठेवला. माय आणि दादा तिथंच होते. आप्पांनी ऐकलं आणि म्हणाले, "सेल उतरलेत. म्हणून हळू वाजायलंय."

"आप्पा, भरताना उतरले होते. आता बरोबर वाजायलंय."

"कायच्या काय बोलायलीस."

"मग मायचा आवाज ऐका. पुन्हा लावते."

पुन्हा लावला. माय हातातलं सूप ठेवून म्हणाली, "हां. ही मी."

आप्पा मायकडं वळून म्हणाले, "वरड बरं."

"आता?"

"व्हय, आता. तशीच वरड."

माय पदर सावरून दारात उभी राहिली आणि पोटातून ओरडली, "पाणी आलं! पाणी आलं!" टेपातलाच आवाज, शंका घ्यायला जागाच नाही. आणि पुढच्या क्षणी सगळी गल्ली बाहेर. घागरी, हंडे, डबे, पोरं, कुणी एका पायात चप्पल घालून. पलीकडची कडूबाई दोन्ही काखांत घागरी घेऊन सगळ्यांच्या पुढं.

"कुठंय गं टँकर?"

माय ओशाळली. "नाय बाई. ते टेपातलं हाय. जावा घरी."

"टेपातलं? मग ह्या घागरी काय टेपात भरू का?" कडूबाईनं मायच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुष्काळात पाण्याची थट्टा कुणी माफ करत नाही, आणि का करावी? पुढं किती तरी दिवस आमचा हंडा रांगेत मागं सारला जात होता.

आप्पांना त्या गोंधळाचं काही नव्हतं. ते कॅसेट हातात घेऊन बसले होते.

"म्हणजे हे मी वाजवलं नाय," ते म्हणाले.

"नाय आप्पा."

"दुसऱ्या कुणी बी नाय."

"कुणीच नाय. कुणाला जमणारच नाय ते."

त्यांनी मान हलवली. त्या दुपारी ते संबळ घेऊन बसले नाहीत. रात्री पोटभर जेवले. मला वाटलं, विषय संपला. दादालाही तसंच वाटलं. तो मला म्हणालासुद्धा, "बरं केलंस."

पिशोरला आम्ही सगळेच गेलो. नवरदेवाकडच्यांनी कन्नडहून टेम्पोवर डीजे आणला होता, आणि मुलीकडून आमची हातगाडी. गावातल्या लोकांना गंमत वाटत होती. एक जण म्हणाला, "आज टेपातला अन् खराखुरा समोरासमोर." दिवस मावळायला आलेला, धूळ इतकी की माणसं कमरेपासून वरच दिसत होती. डीजेवाल्यानं टँकर लावला, लोक नाचले, मग त्यानं बंद करून हातानं इशारा केला, आता तुम्ही.

आप्पांनी सुरुवात केली. मी निर्धास्त होते. ते आपला शेवट वाजवतील, लोक थोडं हसतील, आपण घरी जाऊ. पण आप्पा त्यांच्या नेहमीच्या जागी थांबले नाहीत. ते पुढं गेले. रफिकचाचांनी बेंजोवर जमेल तेवढी साथ केली आणि मग हात उचलले. "बस उस्ताद! नक्को!" आप्पांनी ऐकलं नाही. मी आणि दादा हातगाडीला धरून उभे होतो. ती फीत मला तोंडपाठ होती, कुठं काय येतं ते माहीत होतं, आणि एकेक जागा येत होती, तशीच, टेपातल्या वेगानं. दादा पुटपुटला, "सवे, पोचले." लोकांचा आवाज असा झाला की मला कानावर हात ठेवावे लागले. मग उजव्या हातातली काडी उडून गर्दीत गेली. आप्पांनी डाव्या हातानं पुढचे काही ठोके घेतले. नेमक्या त्याच जागी डीजेवाल्यानं आपला दणका सोडला आणि गाव त्यावर नाचू लागलं. आप्पांचा हात मनगटापासून खाली लोंबतो आहे हे आम्हा चौघांशिवाय कुणी पाहिलं नाही.

परतताना जीपमध्ये मी त्यांना विचारलं, "तुम्हाला सांगितलं होतं ना? मग कामून केलं?"

"तूच म्हणलीस, कुणीच वाजवलं नाय."

"म्हणून थांबायचं होतं."

"जमलं का नाय?"

मी खोटं बोलले नाही. "जमलं."

"मग," म्हणाले आणि डोळे मिटून बसले. माय त्यांचा हात आपल्या मांडीवर धरून पूर्ण रस्ताभर खिडकीबाहेर बघत होती.

हात बरा झाला नाही. मनगटातल्या शिरा तुटल्या होत्या. बोटं अर्धी मिटतात, पूर्ण मिटत नाहीत. हातगाडी रफिकचाचांनी नेली, संबळ पिशोरच्या चुलतभावाकडं गेला. माय लग्नांत पोळ्या लाटायला जाऊ लागली, मी तिच्याबरोबर, आणि त्यातूनच पुढं मी या मंगल कार्यालयाच्या धंद्यात आले. दादानं मिक्सिंग सोडलं. आता तो इलेक्ट्रिक फिटिंगची कामं घेतो आणि वरात जवळून गेली की खिडकी लावून घेतो. मी त्याला सांगून पाहिलं की आप्पांनी ते तुझ्यामुळं केलं नाही. मला कारण माहीत आहे असंही मी म्हणत नाही.

गेल्या हिवाळ्यात लॉन्सवर एक लग्न होतं. वैजापूरकडून संबळ-पिपाणीचा संच आला होता, सगळे विशी-पंचविशीतले. आप्पा एका टेबलापाशी डाव्या हातानं जेवत होते. संबळवाल्या तरुणानं चढ घेतला. टेप नव्हता, कॉम्प्युटर नव्हता, माइक फक्त नाद मोठा करायला. नुसत्या हातानं त्यानं तो पूर्ण वेग काढला, थांबला, घाम पुसला आणि पुन्हा काढला, जणू सगळे असंच वाजवतात. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "आमची जुनी चाल हाय मॅडम. देवीपुढची. बापजाद्यांपासून असंच वाजवत्यात."

आप्पांनी त्याला बोलावून घेतलं. तो आदबीनं आला. मला वाटलं, आता सांगतील की ही चाल कुठून आली. त्यांनी फक्त म्हटलं, "मनगट दाखव."

तरुणानं हात पुढं केला. आप्पांनी डाव्या अंगठ्यानं एका जागी दाबलं आणि तो एकदम आखडला.

"दुखतं?"

"घरी गेल्यावर बर्फ लावतो, आजोबा. आमच्या लाइनीत सगळेच लावत्यात."

"सगळेच?"

"व्हय. लहान पोरं शिकत्यात ना, ती बी."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी आइस्क्रीमच्या पेटीतून बर्फ काढला, रुमालात बांधला आणि आणून दिला. आप्पांनी तो त्याच्या मनगटावर धरला. अर्धवट मिटणाऱ्या बोटांतून रुमाल सारखा निसटत होता, आणि तरुण दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर कुणाला तरी सांगत होता की पुढच्या वरातीला वेळेवर पोचतो.